लक्ष न देता पाहिलेली जाहिरात

प्रश्न तीन भागांचा आहे: जाहिरात म्हणजे नेमकं काय, रोजच्या जगण्यात ती कोणतं काम करते, आणि ‘मी जाहिरातींकडे लक्षच देत नाही’ असं म्हणणाऱ्या माणसावर तिचा परिणाम होतो का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करू, कारण बाकीचं उत्तर त्यातूनच उलगडतं. परिणाम होतो. बहुतेक जाहिराती लक्ष न देणाऱ्या माणसासाठीच बनवलेल्या असतात. समोरचा घाईत आहे, कंटाळलेला आहे, त्याचं मन भलतीकडे आहे, हे गृहीत धरूनच मथळ्याची लांबी, रंग, चाल ठरते. एकाग्र होऊन जाहिरात वाचणारा वाचक कुठल्याच कॉपीरायटरला, म्हणजे जाहिरातीचा मजकूर लिहिणाऱ्याला, भेटत नाही, आणि त्याची तशी अपेक्षाही नसते.

एक साधा प्रयोग करून पाहा. साबण म्हटल्यावर सुचतील ती नावं लिहून काढा. पहिली तीन-चार झरझर येतील, पाचव्यापाशी पेन अडेल. ती पहिली तीन-चार नावं तुम्ही कधी पाठ केलेली नाहीत. ती आपसूक तिथे जाऊन बसली आहेत, आणि दुकानातल्या फळीसमोर उभं राहिल्यावर खरी निवड त्यांच्यातच होते. जाहिरातीचं मुख्य काम हेच. ‘हे घ्या’ असा हुकूम ती क्वचितच मनावर ठसवते. निवडीची वेळ येईल तेव्हा आपलं नाव ओळखीचं वाटावं, एवढी तजवीज ती आधीपासून करून ठेवते. तोवर तुम्ही जाहिरात विसरलेले असता. तिला ते चालतं.

यामागची मनाची रीत बरीच तपासली गेली आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की अर्थ न कळणारे शब्द, अनोळखी लिपीतली चिन्हं, परके चेहरे नुसते पुन्हापुन्हा दाखवले तरी लोकांना ते अधिक आवडू लागतात. कसला युक्तिवाद नाही, आमिष नाही, फक्त पुन्हा दिसणं. १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विधानांच्या बाबतीत तसंच काही नोंदवलं: काही दिवसांच्या अंतराने तेच वाक्य पुन्हा कानावर पडलं की ते खरं वाटण्याचं प्रमाण वाढतं, मग ते मुळात खरं असो वा नसो. आवड आणि विश्वास या दोन्ही गोष्टी ओळखीतून वाढतात. जाहिरातीत तेच ते पुन्हा ऐकवण्यामागे कल्पनेचं दारिद्र्य असेलच असं नाही. बहुतेकदा तो हिशेब असतो.

म्हणूनच जुने ब्रँड रंग, डब्याचा आकार, अक्षरांचं वळण, चार सुरांची चाल या गोष्टींना हात लावायला धजत नाहीत. ट्रॉपिकाना या फळांच्या रसाच्या ब्रँडने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत आपला डबा बदलला. संत्र्यात खुपसलेल्या स्ट्रॉचं चित्र गेलं, त्या जागी रसाचा पेला आला. आतला रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २०% घसरली आणि जुना डबा परत आणावा लागला. लोकांचं मत बदललं नव्हतं. फळीवर त्यांची नजर जे शोधत होती ते तिला सापडलं नाही, एवढंच घडलं होतं.

इथे एक भीती दूर करायला हवी. १९५७ मध्ये जेम्स व्हिकरी या अमेरिकी बाजार-संशोधकाने दावा केला की चित्रपटगृहाच्या पडद्यावर डोळ्यांना जाणवणारही नाहीत इतके झटपट संदेश दाखवून त्याने शीतपेय आणि पॉपकॉर्न यांचा खप वाढवला. जगभर खळबळ उडाली. १९६२ मध्ये त्यानेच एका मुलाखतीत मान्य केलं की त्या दाव्याला पुरेसा आधार नव्हता. तरीही छुप्या संदेशांची कथा आजही सांगितली जाते, आणि तिचा तोटा असा की लोक संमोहनाचा धसका घेतात पण उघड्यावर, ढळढळीत दिसणाऱ्या पुनरावृत्तीला निरुपद्रवी समजतात.

आता व्याख्या. ‘जाहीर’ म्हणजे उघड, प्रकट. जाहिरात या शब्दाचं मूळ हेच आहे आणि ते व्यवहारालाही लागू पडतं. जाहिरातीत तीन गोष्टी असतात: पैसे देऊन घेतलेली जागा किंवा वेळ, पैसे कोणी दिले हे ओळखता येणं, आणि समोरच्याने काहीतरी करावं किंवा मानावं हा उद्देश. पहिली गोष्ट नसेल तर ती प्रसिद्धी किंवा बातमी. दुसरी गायब झाली तर ती जाहिरात उरत नाही, फसवणुकीकडे झुकते. ओळखीच्या चेहऱ्याने आपल्या व्हिडिओत एखादी वस्तू ‘सहज’ वाखाणली आणि त्याला त्याचे पैसे मिळाले हे सांगितलंच नाही, तर बघणाऱ्याचा सावधपणा जागाच होत नाही. जाहिरात आहे हे कळताच आपण मनातल्या मनात दाव्याला थोडी कात्री लावतो. ती कात्री हातातून काढून घेणं हा माझ्या मते आजच्या जाहिरात व्यवसायातला सर्वांत गंभीर दोष आहे, भडक फलक आणि कर्कश जिंगल यांपेक्षा कितीतरी मोठा. ‘सशुल्क भागीदारी’सारखी बारीक नोंद, खरेदीची खास लिंक, सवलतीचा कोड, एकाच आठवड्यात चार जणांच्या तोंडी तीच वाक्यं, या खुणा दिसल्या की पैसे फिरले आहेत असं धरूनच पुढे बघावं.

दाव्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे वस्तूच्या जातीवरून ठरवता येतं. अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मांडलेली विभागणी इथे फार कामाची आहे. काही वस्तू घेण्याआधीच तपासता येतात: खुर्ची, कापड, आरसा. यांच्या जाहिरातीत खोटं बोलून फारसा फायदा नाही, गिऱ्हाईक हात लावून बघणारच. काही वस्तूंचा गुण वापरल्यावरच कळतो: साबण, रंग, चप्पल. इथे जाहिरातीला पहिल्या खरेदीपुरती मोकळीक मिळते, दुसऱ्या खरेदीला अनुभवच बोलतो. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा गट जोडला: वापरल्यावरही नेमकं कळत नाही अशा गोष्टी. जीवनसत्त्वाची गोळी, गाडीची कितपत गरजेची होती ते न कळणारी दुरुस्ती, गुंतवणुकीचा सल्ला. गोळी घेतली आणि बरं वाटलं, तर ते गोळीमुळे की आपोआप? या तिसऱ्या गटातल्या जाहिरातींना दुरुस्त करणारा अनुभव तुमच्याकडे कधीच येत नाही. सगळी शंका तिथे खर्च करा. खुर्चीच्या जाहिरातीवर चिडून काही उपयोग नाही.

लिस्टरिनचं उदाहरण याच गटातलं. हे गुळण्या करायचं द्रावण. १९२०च्या दशकात त्याच्या जाहिरातींनी तोंडाच्या वासाला ‘हॅलिटोसिस’ हे वैद्यकीय वाटणारं नाव घरोघरी पोहोचवलं आणि आपला वास आपल्यालाच कळत नाही ही धास्तीही. सर्दी आणि घसादुखीवरही ते उपयोगी पडतं, असं कित्येक दशकं सांगितलं गेलं. सर्दी तशीही आठवडाभरात बरी होते, त्यामुळे वापरणाऱ्याला तो दावा खोटा ठरवता येत नव्हता. १९७५ मध्ये व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आदेश दिला की यापुढच्या १ कोटी डॉलरच्या जाहिरातींत ‘लिस्टरिनने सर्दी किंवा घसादुखी टळत नाही, तिची तीव्रताही कमी होत नाही’ अशा आशयाचं वाक्य असलंच पाहिजे. १९७७ मध्ये न्यायालयानेही हा आदेश मूलतः उचलून धरला. नुसती बंदी पुरेशी मानली गेली नाही, कारण जुना दावा लोकांच्या डोक्यात आधीच मुरलेला होता.

आता ३० सेकंदांची एक जाहिरात उघडून पाहू. टूथपेस्टची घेऊ, कारण ती जगात कुठेही जवळपास सारखीच असते. पहिली तीन सेकंद चेहऱ्याची: कुणीतरी हसता हसता थांबतं, गालावर हात जातो. आवाज बंद असला तरी इथे अडचण समजली पाहिजे. पुढची सात-आठ सेकंद त्या अडचणीची लाज वाढवण्यात जातात. वेदनेपेक्षा लाज जास्त खपते, म्हणून जवळ दुसरं माणूस उभं केलेलं असतं. मग पांढरा कोट, किंवा पांढऱ्या कोटाचा भास देणारी निळसर-पांढरी खोली. त्यानंतर ॲनिमेशन: दाताचा छेद, त्यावर काळे ठिपके, निळी लाट येते आणि ठिपके जातात. हे प्रात्यक्षिक असल्यासारखं वाटतं, पण ते काढलेलं चित्र आहे. त्यात कोणताही दात धुतला जात नाही. विसाव्या सेकंदाच्या आसपास तोच चेहरा मोकळेपणी हसतो. शेवटची चार-पाच सेकंद पॅकशॉट: नळी मधोमध, तिच्यावर प्रकाशाची तिरीप, चाल, नाव. जाहिरातदार कधीच तडजोड करत नाही ती या पाच सेकंदांवर. गोष्ट विसरली तरी चालेल, नळीचा रंग विसरता कामा नये.

याच जाहिरातीतले शब्द कागदावर उतरवले की आणखी गंमत कळते. ‘मदत करते’ म्हणजे एकटी करत नाही. ‘पर्यंत’ ही वरची मर्यादा आहे. ‘५०% पर्यंत सूट’ असं म्हटलं की एकाच वस्तूवर ५० आणि बाकी सगळ्यांवर ५ असेल तरी वाक्य खरं ठरतं. ‘अधिक’ दिसलं की विचारायचं, कशापेक्षा? उत्तर बऱ्याचदा तळाशी तारांकित मजकुरात असतं: साध्या पेस्टपेक्षा, किंवा अजिबात न घासलेल्या दातांपेक्षा. ‘९९.९% जंतू मारते’ हा दावा प्रयोगशाळेत, ठरावीक जातीच्या जंतूंवर, ठरावीक वेळ लावल्यावर खरा असू शकतो. गणित करून पाहा: १० लाखांतले ९९.९% गेले तर १,००० उरतात, आणि १,००० जंतू दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा १० लाखांवर येतात. आकडा खोटा नाही, पण ‘आता जंतू नाहीत’ असं जे चित्र मनात उभं राहतं ते आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही.

‘इतके टक्के डॉक्टर शिफारस करतात’ हे वाक्य दिसलं तर त्यांना प्रश्न काय विचारला होता, ते शोधा. जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्‌स ऑथॉरिटीने २००७ मध्ये कोलगेटची ८०% हून अधिक दंतवैद्य शिफारस करतात अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. पाहणीत दंतवैद्यांना एकाहून जास्त ब्रँड सांगायची मुभा होती. वाचणाऱ्याला मात्र वाटत होतं की ८० जणांनी हा एक निवडला आणि उरलेले सगळे ब्रँड मिळून २० जणांच्या वाट्याला आले.

रस्त्यावरच्या फलकाचं गणित वेगळं आणि फार कडक. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. फलक १०० मीटरवरून दिसू लागला तर एकूण सहा सेकंद मिळतात, आणि त्यातली चालवणाऱ्याने द्यावीत अशी एक-दोनच. म्हणून सात शब्दांपुढे जाऊ नये हा व्यवसायातला जुना दंडक आहे. अक्षरांच्या उंचीसाठी १० फूट अंतराला १ इंच हा ठोकताळा. १०० मीटर म्हणजे सुमारे ३३० फूट, म्हणजे आरामात वाचायला पावणेतीन फूट उंचीचं अक्षर हवं. छोटी जाहिरात देणारे नेमके इथेच चुकतात. पैसे मोजले आहेत तर पत्ता, तीन फोन नंबर, सेवांची यादी, देवाचं चित्र, मालकाचा फोटो सगळंच बसवतात, आणि मग काहीच वाचलं जात नाही. संगणकाच्या पडद्यावर फूटभर अंतरावरून तपासलेला फलक छान दिसतोच. तो टपाल तिकिटाएवढा छापून हात लांब करून बघावा. जे वाचता आलं तेवढंच रस्त्यावर वाचलं जाईल.

आणि हा सगळा खर्च कोण सोसतं? १८३३ मध्ये बेंजामिन डे यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘द सन’ हे वृत्तपत्र एका सेंटला विकायला काढलं, बाकीची मोठी पत्रं सहा सेंटना मिळत असताना. छपाईचा खर्च वाचकाकडून निघण्याजोगा नव्हता, तो जाहिरातदारांकडून काढायचा होता. तेव्हापासून बातमीचा कागद वाचकाला विकला जातो आणि वाचकाचं लक्ष जाहिरातदाराला. जाहिरात १९२२ मध्ये रेडिओवर आली, १९४१ मध्ये दूरचित्रवाणीवर, आणि २७ ऑक्टोबर १९९४ रोजी बॅनर पट्टी होऊन ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर. माध्यम बदललं, सौदा तोच राहिला. फुकट किंवा स्वस्त मिळणाऱ्या माध्यमाची किंमत तुम्ही लक्ष देऊन आणि वस्तूंच्या दरातून फेडत असता.

फोनवर हा सौदा तुमच्या डोळ्यांदेखत होतो, फक्त दिसत नाही. तुम्ही एखादं पान उघडता. पान पूर्ण उमटण्याआधी तिथल्या रिकाम्या चौकटीची माहिती लिलावाच्या यंत्रणेकडे जाते: कोणता फोन, साधारण कोणता परिसर, पानाचा विषय काय, आणि कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची छोटी नोंद) किंवा फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक. यंत्रणा ती अनेक बोलीदारांना पाठवते. प्रत्येक बोलीदाराचं यंत्र अंदाज बांधतं की हा माणूस क्लिक करण्याची शक्यता किती, खरेदीची किती, आणि त्या मानाने बोली लावतं. हे सगळं साधारण १०० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवण्याआधी उरकतं. जिंकणाऱ्याची जाहिरात चौकटीत येते. ती ‘पाहिली गेली’ असं कधी मोजायचं, याचाही प्रचलित नियम आहे: चौकटीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर असला की झालं, व्हिडिओसाठी दोन सेकंद. नजर तिथे होती की नव्हती हे त्यात येत नाही.

एकदा बूट पाहिले की ते आठवडाभर पाठलाग का करतात, याचं उत्तरही इथेच आहे. दुकानाच्या पानाने तुमच्या ओळखक्रमांकावर खूण केली आणि ती खूण असलेल्याला जास्त बोली लावायला सांगितलं. बूट घेऊन झाल्यावरही पाठलाग सुरू राहतो तो बहुतेकदा ढिलाईमुळे: खरेदी झालेल्यांची यादी वगळायची राहिली, किंवा तुम्ही घेतले दुसऱ्या फोनवरून अथवा दुसऱ्याच दुकानातून. फोन आपलं बोलणं ऐकतो असा संशय अनेकांना येतो. पण एकाच घरातलं वाय-फाय, तुमचं ठिकाण, जवळच्यांनी केलेले शोध एवढ्यावरच अंदाज इतका नेमका बसतो की ऐकायची गरजच पडत नाही. उपाय साधे आहेत: फोनच्या सेटिंगमध्ये जाहिरात-ओळखक्रमांक पुसून टाका, ज्या ॲपला ठिकाणाची गरज नाही त्याची परवानगी काढा, ब्राउझरमधल्या त्रयस्थ, म्हणजे उघडलेल्या पानाबाहेरच्यांनी ठेवलेल्या, कुकी बंद करा. यामुळे जाहिराती थांबत नाहीत, त्या फक्त कमी ओळखीच्या होतात, आणि बाजूला सारायला तेवढं पुरतं. ‘फक्त १० मिनिटं उरली’ असं घड्याळ दिसलं तर पान बंद करून ब्राउझरच्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत पुन्हा उघडा. घड्याळ पुन्हा १० वर आलं तर घाई बनावट होती.

जाहिरातीला मी वाईट म्हणत नाही, आणि ते आदबीपोटी नाही. ली बेनहॅम यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांची तुलना केली. जिथे चष्म्यांच्या जाहिरातीवर बंदी होती तिथे चष्मे महाग होते, जिथे मोकळीक होती तिथे स्वस्त. दुकानदार आपापला दर जाहीर करू लागले की गिऱ्हाईकाची पायपीट वाचते आणि दर उतरतात. कळवणारी जाहिरात गेली तर सर्वांत जास्त नुकसान कुणाचीच ओळख नसलेल्या नव्या माणसाचं आणि नव्या दुकानाचं होतं.

मुलांच्या बाबतीत मात्र मी ठाम आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला कार्यक्रम आणि जाहिरात वेगळी आहे हे कळलं, तरी समोरचा आपल्याला काही विकू पाहतोय हे कळत नाही. ज्या कात्रीबद्दल वर लिहिलं ती त्याच्या हातात अजून आलेलीच नसते. स्वीडनने १९९१ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिराती करायला मनाई केली आहे. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात १९८० पासून १३ वर्षांखालच्यांसाठी तशीच मनाई आहे. कायदा नसेल तिथे घरात करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे मुलासोबत बसून जाहिरात आवाज बंद करून पाहणं. चाल आणि बोलणं गेलं की चित्रं उघडी पडतात. खेळणं इतकं मोठं का दिसतंय? कॅमेरा जमिनीलगत ठेवलाय म्हणून. ते आपोआप पळतंय का? मधेच दृश्य तोडलंय, हात दिसत नाही. तीन-चार जाहिराती अशा पाहिल्या की मूल स्वतःच बोट दाखवायला लागतं, ‘इथे तोडलंय’.